उंटावरून शेळ्या हाकू नका



ऊस हे आपले मुख्य पीक. लागण, बेणे, खोडवा, ठिबक, हुमणी यांवर या पानांतून नेहमी लिहून येते, आणि ते यायलाच हवे. पण आपल्यापैकी कितीतरी जणांच्या परड्यात दोन-चार शेरडं बांधलेली असतात, त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. उसाची नोंद गट ऑफिसात होते, म्हशीचे दूध डेअरीच्या पुस्तकात चढते. शेळी मात्र कोणत्याच वहीत नसते. ती घरातल्या बाईच्या मनातल्या हिशेबात असते. सकाळच्या चहाचे दूध, पोरांची वह्या-पुस्तके, एखाद्या आजारपणाचा खर्च त्यातून निघतो, आणि आपल्याला वाटते की घर उसावर चालले आहे.

२०१९ च्या पशुगणनेत आपल्या महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. एवढी जनावरे काही मोठ्या फार्मवर नसतात. ती तुमच्या-आमच्यासारख्यांच्या दारातच असतात.

एक साधा हिशेब बघा. आडसाली ऊस तोडीला यायला सोळा ते अठरा महिने लागतात. शेळी पाच महिने गाभण राहते, म्हणजे सरासरी १५० दिवस. व्याल्यावर अडीच-तीन महिन्यांनी ती पुन्हा फळली, तर उसाच्या एका लागणीत ती दोनदा विते. उस्मानाबादी जातीची असली तर जुळे होणे ही नवलाची गोष्ट नाही. पण हा हिशेब कागदावरचा झाला. तो दावणीला उतरायचा असेल तर रोज तासभर शेळीपाशी घालवावा लागतो. तो तास आम्ही दिला नाही तेव्हा काय झाले, ते आधी सांगतो.

आमचीच चूक

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सहा शेळ्या होत्या. गळीत हंगाम सुरू झाला, शेजारच्या शिवारात टोळी आली, आणि वाढ्याचा सुकाळ झाला. आम्ही रोज दोन-तीन पेंढ्या आणून गव्हाणीत टाकायचो. गव्हाण भरलेली दिसली की आमचे समाधान. आमच्या मातोश्रींनी १९७२ चा दुष्काळ शेळ्यांवर काढलेला. त्या म्हणायच्या, "अरं, शेरडू हाय ते, रेडकू न्हवं. त्येला चार झाडांचं चार घास लागत्यात." आम्ही हसण्यावारी नेले.

माघ उजाडेपर्यंत शेळ्यांच्या अंगावरची चकाकी गेली. केस राठ झाले, बरगड्या मोजता येऊ लागल्या. एक शेळी व्याली ती दोन मरतुकडी करडं घेऊन, आणि सडात दूध नाही. एक करडू तिसऱ्या दिवशी गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारले, "काय घालता?" आम्ही अभिमानाने सांगितले, वाढं. ते म्हणाले, "पोट भरलंय, पण अंग उपाशी आहे." वाढ्यात प्रथिने फार कमी असतात. शिवाय त्यातले ऑक्झालेट अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकते. ज्या शेळीला करडाची हाडे घडवायची आणि दूध द्यायचे, तिलाच चुना कमी पडतो.

दुसरी चूक फाल्गुनातली. ज्वारीची मळणी झाली होती, रास अंगणात होती. दावे कुजले आहे हे आम्हाला दिसले होते. उद्या बदलू म्हणून राहिले. दुपारी शेळी सुटली आणि राशीवर गेली. संध्याकाळी पोट टम्म, दात खाऊ लागली, उठेना. दाणा एकदम जास्त पोटात गेला की तो आंबतो, पोटात आम्ल होते आणि ते रक्तात भिनते. दुसऱ्या दिवशी ती गेली. ती शेळी घरच्या मंडळींनी बचत गटाच्या पैशातून घेतलेली होती. त्या रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अहो, उसाला पाणी धरायला रात्री दोनला उठता. शेळीचं दावं बदलायला दिवसा उठला नाहीत."

उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण आपण दुसऱ्याला लावतो. त्या दिवशी ती आम्हाला लागली. त्यानंतर घरात जी पद्धत बसली ती खाली देत आहोत. यात नवा शोध काही नाही. रोज पाळायच्या गोष्टी आहेत.

सकाळची पहिली फेरी

उजाडताच चहाआधी शेळ्यांकडे जावे. वैरण घेऊन जाऊ नये, नुसते जाऊन पाहावे. चांगली शेळी माणूस आल्यावर उठते, अंग ताणते, कान हलवते. जी कोपऱ्यात मान खाली घालून उभी आहे, जी रवंथ करत नाही, जिच्या नाकातून शेंबूड येतो, तिला बाजूला काढावे. लेंड्या सुट्या, गोल, घट्ट आहेत का ते पाहावे. लेंड्यांचा लगदा झाला किंवा शेपटीखालचे केस भरले तर कालच्या खाण्यात काय बदल झाला ते आठवावे.

आठ-पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येकीच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघावा. लालसर-गुलाबी असेल तर ठीक. पांढरट दिसली तर रक्त कमी झाले आहे आणि बहुधा पोटात जंत आहेत. जबड्याखाली पाण्यासारखी मऊ सूज आली तर वेळ दवडू नये. आपल्या पाटपाण्याच्या भागात याकडे जास्त लक्ष हवे. पाटाकडेच्या ओल्या गवतात गोगलगाई असतात, आणि यकृतात शिरणारे चपटे जंत त्यांच्यातूनच गवतावर येतात. म्हणून दलदलीत शेळ्या चारू नयेत आणि चारीचे साचलेले पाणी पाजू नये. जंताचे औषध मात्र दुकानदाराच्या सांगण्यावरून देऊ नये. चार लेंड्या डबीत घालून दवाखान्यात तपासून घ्याव्यात, मग डॉक्टर सांगतील ते औषध वजनाप्रमाणे द्यावे.

धार काढताना

शेळी दूध देते पण लेंड्या घालून, असे लोक थट्टेने म्हणतात. यात दोष शेळीचा नाही, आपल्या हाताचा आहे.

धारेची वेळ आणि शक्यतो माणूसही एकच असावा. रोजचा हात ओळखीचा झाला की शेळी लवकर पान्हा सोडते. आधी मागचे पाय व शेपटीकडचा भाग झाडून घ्यावा. कास कोमट पाण्याने पुसून स्वच्छ कोरड्या फडक्याने टिपावी. ओल्या कासेवरून घाण थेंब भांड्यात उतरतात. आपले हात साबणाने धुवावेत, नखे कापलेली असावीत. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत, काळे फडके ताणून त्यावर घ्याव्यात. गुठळ्या, पाणी किंवा रक्ताची छटा दिसली, कास गरम किंवा कडक लागली, तर तो काससुजीचा आरंभ समजावा. ते दूध घरात घेऊ नये, त्या शेळीची धार सर्वांत शेवटी काढावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पुष्कळ जण अंगठा दुमडून सड ओढतात. त्याने सडाला आतून इजा होते. अंगठा आणि पहिले बोट यांनी सड वरून बंद करावा, मग बाकीची बोटे एकापाठोपाठ मुठीत मिटावीत. ओढू नये, दाबावे. कास रिकामी होईपर्यंत काढावे. भांडे अरुंद तोंडाचे असावे, दूध लगेच स्वच्छ फडक्यातून गाळावे. धार संपल्यावर शेळीपुढे वैरण टाकावी, म्हणजे ती अर्धा तास तरी उभी राहते. धारेनंतर सडाचे तोंड थोडा वेळ उघडे असते. लगेच ओल्या जमिनीवर बसली तर रोग आत शिरतो.

दुधाला वास येतो ही तक्रार नेहमीची. त्यामागे पुष्कळदा बोकड असतो. धारेच्या वेळी तो जवळ बांधू नये. कांद्याची पात किंवा उग्र वासाचा पाला धारेनंतर घालावा. आमच्या एकेक शेळीला दोन वेळचे मिळून अर्धा-पाऊण लिटर दूध मिळते. त्यावर साय फारशी धरत नाही, कारण त्यातल्या स्निग्धाचे कण बारीक असतात. म्हणून दूध पातळ आहे असे समजू नये. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. कच्चे दूध कोणीही पिऊ नये, उकळूनच घ्यावे. कच्च्या दुधातून ब्रुसेल्लासारखा ताप माणसाला होतो. आणि वर्षाच्या आतल्या तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी शेळीचे दूध घालू नये. त्यात फोलिक आम्ल कमी असते, आणि बाळाचे रक्त त्याने कमी होऊ शकते.

वैरण : चार झाडांचे चार घास

मातोश्रींचे म्हणणे आता आम्हाला पटले आहे. शेळी मान वर करून खाणारे जनावर आहे. तिला गवतापेक्षा झाडपाला रुचतो. तीस-पस्तीस किलोच्या शेळीला आम्ही दिवसाला तीन-चार किलो हिरवी वैरण, किलोभर वाळली वैरण आणि दुभती असेल तर पाव किलोपर्यंत खुराक देतो.

हिरव्यात एक भाग वाढे, बाकीचे लसूण घास, शेवरी, हादगा, सुबाभूळ, बोर, बाभूळ असे मिळेल ते. वाढे तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देत नाही आणि कुट्टी करूनच घालतो, म्हणजे पायदळी जात नाही. शेवरी आपल्याला पानमळ्यामुळे माहीतच आहे. बांधावर आणि चारीच्या कडेला तिची ओळ लावली तर उसाची जागा जात नाही. सुबाभूळ पौष्टिक असली तरी तीच एकटी घालू नये. तिच्यातल्या मायमोसीनमुळे केस गळतात. तिचा वाटाही हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच ठेवावा. लसूण घास सकाळी कापून दव वाळेपर्यंत सुकू द्यावा. ओला घास उपाशी पोटी भरपूर खाल्ला की पोट फुगते. कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याविना करपलेली किंवा कापणीनंतर फुटलेली, शेळ्यांपुढे अजिबात येऊ देऊ नये. तिच्यात विष असते आणि जनावर थोड्याच वेळात जाते.

उसातले गवत आणताना आणखी एक सावधगिरी हवी. तणनाशक मारलेल्या रानातले गवत आणू नये. फवारणी कोणत्या दिवशी झाली हे गडी सांगेलच असे नाही, म्हणून मालकाला विचारूनच विळा लावावा.

खुराकात मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, पेंड, तूर किंवा हरभऱ्याची चुनी आणि गव्हाचा भुसा असतो. त्यात प्रत्येकीमागे दहा ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण आणि चिमूटभर मीठ घालावे. वाढ्याने अडवलेला चुना असाच भरून निघतो. खाण्यात कोणताही बदल करायचा तर आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू करावा. लग्नातले उरलेले भात-पोळ्या, सांडलेले धान्य, पाटीभर पीठ हे प्रेमाने घातलेले विष आहे. धान्याची पोती कडी-कुलपात आणि दावी मजबूत ठेवावीत. याहून स्वस्त औषध नाही.

वैरण जमिनीवर टाकू नये. आपल्याच लेंडी-मुताने भरलेला पाला शेळी खात नाही, आणि खाल्लाच तर जंत पोटात जातात. पेंढी छातीच्या उंचीवर टांगावी. पाणी स्वच्छ, विहिरीचे किंवा बोअरचे, दिवसातून दोनदा बदललेले असावे. उन्हाळ्यात एक दुभती शेळी चार-पाच लिटर सहज पिते. पाणी कमी पडले की दूध त्याच दिवशी उतरते.

जागा कोरडी तर शेळी बरी

शेळीला थंडीपेक्षा ओल जास्त बाधते. एका मोठ्या शेळीला छपराखाली दहा चौरस फूट आणि बाहेर मोकळी वीस चौरस फूट जागा धरावी. पाच शेळ्यांना हे कुणाच्याही परड्यात जमते. तळ उंच, मुरमाचा आणि उताराचा असावा. पावसाळ्यात आम्ही वाळलेले पाचट अंथरतो, ओले झाले की काढतो आणि लेंड्यांसकट खड्ड्यात टाकतो. कुजल्यावर ते खत पुन्हा उसालाच जाते. रोज झाडणे, आठवड्याला चुन्याची भुकटी टाकणे आणि वाढलेली खुरे कापणे ही कामे चुकवू नयेत.

गाभण शेळी आणि करडे

पाट दहा-बारा महिन्यांची आणि अंगाने भरलेली असल्याशिवाय फळवू नये. माज अठरा ते एकवीस दिवसांनी येतो आणि एक-दोन दिवस टिकतो. शेपूट सतत हलवणे, ओरडणे, खाण्यावरचे लक्ष उडणे या खुणा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी बोकड दाखवावा. घरचाच बोकड वर्षानुवर्षे ठेवू नये. दोन वर्षांनी बदलावा, नाहीतर लेकीलाच बाप लागतो आणि करडे किडकिडीत होतात.

शेवटच्या दीड-दोन महिन्यांत पोटातले करडू झपाट्याने वाढते. त्या काळात धार बंद करून खुराक थोडा-थोडा वाढवावा. आम्ही नेमके याच काळात नुसत्या वाढ्यावर शेळी ठेवली होती.

व्याल्यावर करडाचे नाक-तोंड पुसावे. पोटापासून दोन-तीन इंचांवर नाळ स्वच्छ दोऱ्याने बांधून कापावी आणि टिंक्चर आयोडीन लावावे. तासाभरात चीक पाजावा. जार पडण्याची वाट पाहत चीक रोखण्याची जुनी रीत आता सोडायला हवी. उलट करडू लुचले की जार पडायला मदत होते. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात सुमारे २०० मिलिलिटर चीक थोडा-थोडा करून मिळावा. त्याच्या अंगात रोगाशी झगडण्याचे बळ येते ते या चिकातून. जार ओढू नये; बारा तासांत पडला नाही तर डॉक्टरांना बोलवावे.

पहिले काही दिवस सगळे दूध करडांचे. पुढे आम्ही रात्री करडे डालग्याखाली वेगळी ठेवतो, सकाळी धार काढून थोडे दूध कासेत राखतो आणि मग करडे सोडतो. दिवसभर ती आईजवळ असतात. चहाच्या दोन कपांसाठी करडू उपाशी ठेवले तर पुढे बाजारात त्याचे वजन भरत नाही.

लस आणि हंगाम

पीपीआरची लस करडू तीन-चार महिन्यांचे झाले की टोचून घ्यावी. ती साधारण तीन वर्षे पुरते. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावी, आणि पहिल्या वर्षी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा टोचावी. पहिल्या पावसाचे कोवळे लुसलुशीत गवत खाऊन धडधाकट शेळी एका रात्रीत जाते ती बहुतेक याच रोगाने. लाळ-खुरकूत, घटसर्प यांच्या लसींचे वेळापत्रक तालुक्याच्या दवाखान्यातून लिहून आणावे.

हंगामात तोडणी टोळ्यांबरोबर त्यांच्याही शेळ्या येतात. चारण आणि पाण्याची जागा एक झाली की त्यांचा रोग आपल्याला आणि आपला त्यांना लागतो. म्हणून लसीकरणाचा दिवस ठरला की कोप्यांवरही निरोप द्यावा. दोघांचीही जनावरे वाचतील. बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधावी.

वही कोणाची?

शेवटचा मुद्दा पैशाचा. आम्ही आता शेळ्यांची वही घातली आहे. फळल्याची तारीख, व्याल्याची तारीख, करडे किती, लस कधी, दूध किती, विक्री किती, एवढेच त्यात असते. लिहितात घरच्या मंडळी, कारण राबतात त्या. पहिल्यांदा बोकड विकला तेव्हा व्यापारी पैसे आमच्या हातात देऊ लागला. आम्ही म्हटले, "त्यांच्याकडं द्या, हिशेब त्यांच्याकडं असतो." उसाचे बिल खातेदाराच्या नावे बँकेत जाते, त्यात आपले मोठेपण आहेच. पण ज्या बाईने पहाटे धार काढली, करडू डालग्याखाली झाकले आणि पाला तोडताना हाताला काटे लावून घेतले, तिच्या हातात तिच्या कष्टाचा पैसा पडला तर शेळीची निगा दुप्पट होते, हे आम्ही घरात पाहिले आहे. पहिल्या वर्षी त्यांनी त्या पैशातून दुसरे काही घेतले नाही. गेलेल्या शेळीच्या जागी एक पाट घेतली. ती आता तीन वेत झालेली आमच्या दावणीची सर्वांत गुणी शेळी आहे.

तेव्हा सभासद बंधूंनो, हा अंक वाचून झाला की परड्यात एक चक्कर मारा. दावी ओढून बघा, पाण्याची घमेली बघा, एकेकीची पापणी बघा. आणि भगिनींनो, वही आजच घाला. पहिल्या पानावर शेळ्यांची नावे लिहा. तारखा आपोआप येत जातील.